अंगाचा रंग

वाशिंद, २२ जून २०२२, बुधवार

काल रात्री बातमी ऐकली होती, सकाळी पेपरात फोटो पाहिला. राष्ट्रपतिपदासाठी द्रौपदी मुर्मू. गाव उपरबेडा, जिल्हा मयूरभंज, ओडिशा. जमात संथाल. आधी पाटबंधारे खात्यात कारकून, मग रायरंगपूरच्या शाळेत शिक्षिका, १९९७ मध्ये नगरसेवक, पुढे आमदार, मंत्री, २०१५ ते २०२१ झारखंडच्या राज्यपाल. मी स्वतः चौतीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे 'शिक्षिका' या शब्दापाशी थांबलो.

त्यांना उभं करणाऱ्या पक्षाला मी आजवर मत दिलेलं नाही. पुढेही देईन असं वाटत नाही. तरीही आनंद झाला, आणि तो लपवण्यासारखा नाही. छोटा नागपूर आणि संथाल परगणा इथल्या जमिनींच्या कायद्यांत बदल करणारी विधेयकं त्यांच्याच पक्षाच्या सरकारने आणली, तेव्हा राज्यपाल म्हणून यांनी ती २०१७ मध्ये परत पाठवली होती. ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

संध्याकाळी स्टेशनबाहेर शेवळं घेतली. विकणारी आजी वाडीवरची, कातकरी. तिची नात आमच्या शनिवारच्या चित्रकलेच्या तासाला असते. पेपर दाखवला. तिने वाचता येत नसताना बराच वेळ फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, ही आमच्यातली हाय का?" म्हटलं, तुमच्यातलीच, फक्त लांबची. तिने एक वाटा जास्त टाकला, पैसे घेतले नाहीत.

१ जुलै, शुक्रवार

परवा रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, काल एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. ठाण्यात फटाके, लोकलच्या डब्यात तीच चर्चा. आसनगावपासून कल्याणपर्यंत दोन तट पडलेले. मी ऐकत बसलो. आमच्या जिल्ह्याचा माणूस मुख्यमंत्री झाला याचं लोकांना वाटणं स्वाभाविक आहे. ज्या रीतीने झाला ती मला पटलेली नाही, एवढं लिहून हा विषय इथे संपवतो. सध्या माझं लक्ष राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत गुंतलं आहे.

पाऊस लांबला म्हणून सोमवारपासून मुंबईत १० टक्के पाणीकपात आहे. वाहिन्यांवर त्याच्या मोठ्या बातम्या. तानसा आणि भातसा दोन्ही आमच्या शहापूर तालुक्यात. मुंबईला जाणारं पाणी वाडीच्या उशाखालून जातं आणि वाडीच्या बाया मे महिन्यात टँकरची वाट बघत रिकाम्या हंड्यांची रांग लावतात. ती रांग मी दरवर्षी पाहतो. कुणी एकाने एकदा तिचं चित्र काढून मुंबईच्या प्रदर्शनात लावलं असतं तर लोकांनी रंगसंगतीचं कौतुक केलं असतं.

१० जुलै, रविवार, आषाढी एकादशी

दिवसभर उपास आणि पाऊस. टीव्हीवर पंढरपूरची महापूजा पाहिली. दोन वर्षांनी वारी झाली, माणसं नुसती फुलून आली होती.

आपला देव काळा आहे. सावळा म्हणून आपण त्याला आळवतो, त्याच्या पायावर डोकं ठेवायला दीडदोनशे मैल चालतो, आणि घरी येऊन मुलासाठी गोरी मुलगी शोधतो. हे एवढं उघड आहे की कुणाला खटकत नाही. मला चित्रकलेचा मास्तर म्हणून खटकायला हवं होतं, ते फार उशिरा खटकलं.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एक सावळी राजकन्या आहे. विद्यार्थिदशेत सहलीला गेलो तेव्हा आमचे सर तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले होते. गेरू, पिवळी माती, काजळी अशा ऐवजावर त्या चित्रकारांनी काळ्या अंगाला जे तेज दिलं ते पुढे आपण हरवलं. गोऱ्या, गुबगुबीत, लाल ओठांच्या देवी घराघरात आल्या त्या शिळाछापावरून. राजा रविवर्म्याचा छापखाना आधी मुंबईत होता, मग मळवलीला गेला. त्याच्या हाताला मी आजही नमस्कार करतो. पण लक्ष्मी-सरस्वती कशा दिसतात हे महाराष्ट्राच्या भिंतींवर त्या छापखान्याने ठरवलं, आणि त्या भिंतींवर काळ्या बाईला जागा राहिली नाही. कॅलेंडरं तिथूनच आली, साबणाच्या जाहिरातीही.

१२ जुलै, मंगळवार

नव्या संसद भवनावरच्या सिंहांचं काल अनावरण झालं. साडेसहा मीटर उंच, साडेनऊ हजार किलोचं कांस्य. आज सगळीकडे एकच वाद: सारनाथचे सिंह शांत होते, हे चवताळलेले का? शिल्पकारांपैकी सुनील देवरे आपल्या औरंगाबादचे, जे. जे.मध्ये शिकलेले. त्यांचं म्हणणं की प्रमाण मूळचंच आहे, खालून पाहिल्याने आणि आकार वाढल्याने तसं दिसतं. शिल्पकलेच्या दृष्टीने हे अगदी शक्य आहे. नजर कुठून पडते यावर चेहरा बदलतो, हे मी मुलांना मातीच्या गोळ्यावर दाखवलं आहे. तरी माझ्या मनातला सारनाथचा सिंह दमदार आणि निवांत आहे, आणि मला तोच हवा.

सिंहाच्या जबड्यावर देश दिवसभर बोलतो, याचा मला आनंदच आहे. लोक शिल्पाकडे बघू लागले.

आज उद्धव ठाकरे यांनीही मुर्मूंना पाठिंबा जाहीर केला. खासदारांचा आग्रह होता म्हणतात. आदिवासी बाई उभी राहिल्यावर तिच्या विरोधात मत द्यायला महाराष्ट्रात पक्ष कचरतात, ही गोष्ट चांगली आहे, कारण काहीही असो.

१८ जुलै, सोमवार

आज मतदान. या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, खासदाराचं ७००. हे आकडे १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात. आमचा शहापूर मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, म्हणजे त्या १७५ मध्ये वाडीवरच्या आजीचाही वाटा आला. तिला हे समजावून सांगायचं ठरवलं आणि पावसाने घराबाहेर पडू दिलं नाही.

एक कागद मात्र दिवसभर डोक्यातून गेला नाही. जूनच्या २८ तारखेला केंद्राने वनसंवर्धनाचे नवे नियम काढले. जंगलाची जमीन प्रकल्पाला देताना वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेची संमती घेण्याचं काम आता केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर सोडलं आहे. मंजुरी दिल्लीत झाल्यावर वाडीची संमती कोण कशी नाकारणार? आदिवासी बाईंचं नाव जाहीर झालं त्यानंतर आठच दिवसांत हे नियम निघाले. दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या आहेत. एकीचं स्वागत करताना दुसरीचा निषेध करायला मला अडचण वाटत नाही.

२२ जुलै, शुक्रवार

काल निकाल लागला. ६४ टक्क्यांवर मतं. विरोधातले उमेदवार यशवंत सिन्हांनी लगेच अभिनंदन केलं, ते शोभून दिसलं.

नाक्यावर सकाळीच फ्लेक्स लागला. वर स्थानिक पुढाऱ्यांचे बारा फोटो, मधोमध मुर्मू. मी छत्री घेऊन खाली उभा राहिलो आणि ओळखूच येईना. चेहरा गोरा केलेला. गालांवर गुलाबी झाक, कपाळावरची सुरकुती पुसलेली. साडीची किनार तेवढी खरी.

दुपारी मुद्दाम गाडी पकडून ज्या दुकानात तो छापला तिथे गेलो. मशीनवरचा मुलगा विशी-बाविशीचा, बोलायला मोकळा. म्हणाला, "सर, कुणाचाही फोटो आला की आधी उजळ करायचा, ही सवयच आहे. नाही केला तर गिऱ्हाईक म्हणतं, काळा का आला?" त्याने स्क्रीनवर मूळ फोटो काढून दाखवला आणि एका बटणाने तो कसा उजळतो तेही दाखवलं. तो मुलगा स्वतः चांगला काळासावळा होता. मी विचारलं, तुझा फोटो? तर म्हणाला, "लग्नासाठी दिलेला ना? तोही केलाय."

राग आला नाही. बरंच वाईट वाटलं. देशाने आदिवासी बाईला सर्वोच्च पदावर बसवलं आणि आमच्या नाक्यावर पोहोचेपर्यंत तिच्या अंगाचा रंग काढून घेतला.

२५ जुलै, सोमवार

दहा वाजता शाळेत होतो. मुख्याध्यापकांनी सहावी-सातवीला हॉलमध्ये बसवून टीव्ही लावला. सरन्यायाधीश रमणा यांनी शपथ दिली. पांढरी संथाली साडी, हिरव्या-लाल काठाची. भाषणाची सुरुवात 'जोहार' म्हणून केली. आमच्या मुलांना तो शब्द माहीत आहे, ठाकरांच्या घरात वडीलधाऱ्यांना जोहार घालतात. दोन मुलं एकमेकांकडे बघून हसली, ओळख पटल्यासारखी.

गावातून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी होते, असं त्या म्हणाल्या. संथाल, पाइका, कोल, भिल्ल अशा उठावांची नावं घेतली. मी मनात आमची नावं जोडत गेलो. राघोजी भांगरे, महादेव कोळी, २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी. आणि १९४५. वाशिंदहून खडवली सोडली की टिटवाळा. तिथे त्या वर्षी जानेवारीत किसान सभेची परिषद भरली होती आणि तलासरीकडचे वारली आले होते. वेठबिगारी सोडायची हे बळ घेऊन ते परतले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी माणसं पडली. गोदावरी परुळेकरांनी हे सारं लिहून ठेवलं नसतं तर टिटवाळा आम्हाला फक्त गणपतीसाठी माहीत असता. मी मुलांना हे सांगितलं. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

रामनाथ कोविंद यांचा काल रात्रीचा निरोपही ऐकला होता. के. आर. नारायणन यांच्यानंतर ते दुसरे दलित राष्ट्रपती. पाच वर्षांत त्यांनी कुठे सरकारला थांबवलेलं मला आठवत नाही. मुर्मूंकडून माझी अपेक्षा जास्त आहे, कारण त्यांनी एकदा थांबवलेलं आहे.

ऑफिसातला फोटो बदलायचा आहे. कोविंद यांचा उतरवून ठेवला, नवा यायचा आहे. भिंतीवर फिकट चौकोन उरला आहे.

२८ जुलै, गुरुवार

दिल्लीत एका खासदाराने मुर्मूंना 'राष्ट्रपत्नी' म्हटलं आणि दिवसभर गदारोळ. जीभ घसरली असेल, तरी घसरते ती खालच्या माणसाकडे. २००७ मध्ये आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील झाल्या तेव्हाही बाईला राष्ट्रपती कसं म्हणायचं ही चर्चा रंगली होती. सभापती बाई असली तरी सभापतीच. शब्दात अडचण नाही.

३० जुलै, शनिवार

शनिवारची सकाळची शाळा. विषय दिला: आपल्या राष्ट्रपती. आजीची नात पहिल्या बाकावर. पेपरातलं कात्रण मधे ठेवलं होतं. चेहरा तिने चांगला काढला, चष्म्यासकट, मान जराशी पुढे. मग रंगाची वेळ आली. पेटी एक, मुलं सहा. ती उठून माझ्याकडे आली: "सर, अंगाचा रंग संपला."

मी विचारलं कोणता, तर तिने मागच्या बाकावरून पीच रंगाच्या खडूचा नखाएवढा तुकडा आणून दाखवला. सगळ्या पेट्यांत तोच खडू सर्वांत आधी झिजतो. मुलं त्याला स्किन कलर म्हणतात, अंगाचा रंग म्हणतात. तिच्या बोटांच्या पुढे तो तुकडा असा दिसत होता की मला काही सुचेना. तिचं बोट गडद तपकिरी, नखाजवळ जवळजवळ काळं, सकाळी खेकडे धरल्याने चिखल अजून चिरांत. आणि त्या बोटांत तो फिकट गुलाबी तुकडा, अंगाचा रंग.

चौतीस वर्षं मी हे ऐकलं. मीच म्हटलंही असेन: अंगाला स्किन कलर द्या, केसांना काळा, झाडाला हिरवा. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या शेकडो मुलांनी माझ्या हाताखाली काळ्या शेतकऱ्यांना आणि काळ्या कोळणींना गुलाबी रंगवलं आहे. फ्लेक्सवाल्या मुलाला ती सवय कुठून लागली, याचा एक धागा माझ्या वर्गात येतो.

तास थांबवला. सगळ्यांना म्हटलं, हात कागदावर ठेवा, शेजारच्याचाही ठेवा. आता सांगा अंगाचा रंग कोणता. आधी हशा, मग मुलं खरंच बघायला लागली. तळहात वेगळा, कोपर वेगळं, मनगटावर घड्याळाखालचा पट्टा वेगळा. मी तपकिरीवर पिवळा घासायला सांगितलं, वर अगदी थोडा लाल, आणि सावलीला जांभळा. काळ्या अंगावर उजेड पडतो तिथे आभाळाचा निळा उतरतो, तो पांढऱ्याने दाखवायचा नसतो, हे खिडकीशी हात धरून दाखवलं. बाहेर ढग होते म्हणून ते आणखी चांगलं दिसलं.

तिने राष्ट्रपतींचं कपाळ रंगवताना दर थोड्या वेळाने आपला हात कागदाला लावून पाहिला. शेवटी गालावर एक निळसर रेघ ओढली. ती कुठे ओढायची हे मी सांगितलेलं नव्हतं, तिने पाहिलेलं होतं.

रात्री न्यू जर्सीच्या पुतण्याशी बोलणं झालं. तो म्हणाला, तिकडच्या नावाजलेल्या क्रेयॉनवाल्यांनी 'फ्लेश' हे नाव १९६२ मध्येच बदलून 'पीच' केलं, आणि २०२० मध्ये नुसत्या अंगांच्या रंगांची चोवीस खडूंची पेटी काढली. त्याच्या मुलीकडे आहे. मिशेल ओबामांचं चित्र एमी शेरल्डने काढलं तेव्हा अंग राखाडी रंगवलं होतं, तेही त्याला आठवत होतं. ते चित्र मी पाहिलं आहे. चित्रकर्ती स्वतः कृष्णवर्णी, तिचा विचार माझ्या लक्षात येतो: रंगाच्या आधी माणूस बघा. पण मी इथे वाशिंदमध्ये राखाडी शिकवणार नाही. आमच्याकडे तपकिरी दिसायलाच हवा.

९ ऑगस्ट, मंगळवार, जागतिक आदिवासी दिन

शहापूरला मिरवणूक. ढोल, तारपा, पिवळे फेटे, बिरसा मुंडांचे फोटो. पाऊस उघडला होता. या वर्षी मुर्मूंचेही फोटो हातात. मन भरून आलं.

मिरवणुकीच्या वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक सरकारी भिंतीवर वारली चित्रं आहेत. जिव्या सोमा मशे गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांची चित्रं १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरीत लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी लग्नघरात चौक लिहायचा तो सुवासिनींनी, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, काडीने. त्या भिंतीवर कुणी गोरा नाही, कुणी काळा नाही. सगळी माणसं पिठाची. ही कला जगभर गेली याचा मला अभिमान आहे. पण आमच्या तालुक्यात ठाकर आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत, वारली थोडे. भिंत रंगवणाऱ्या कंत्राटदाराला आदिवासी म्हटलं की तीच दोन त्रिकोणांची माणसं सुचतात. कातकऱ्याला त्याच्या स्वतःच्या वाडीच्या अंगणवाडीवर स्वतःचं काही दिसत नाही. कात पाडणारा म्हणून कातकरी. खैर तोडायला बंदी आली, धंदा गेला, इंग्रजांनी गुन्हेगार जमातीत नाव घातलं, आणि आज घराखालची जमीनसुद्धा बहुतेकांच्या नावावर नाही. आमच्या भिंतींवर त्यांच्यासाठी एखादं चित्र असतं तर मी तिथे वीटभट्टीवर डोक्यावर विटा घेतलेली बाई काढली असती.

आजच राज्य मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. अठरा मंत्र्यांनी शपथ घेतली. त्यात एकही बाई नाही. राष्ट्रपती भवनात बाई बसून पंधरवडा झाला आणि मुंबईत हे. कुणी लाजलेलं दिसलं नाही.

३० ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. गेल्या आठवड्यात शाळेत नवा फोटो आला, फिकट चौकोनावर बरोबर बसला. त्याच्या शेजारी मुलीचं चित्र चार टाचण्यांनी लावलं आहे. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही.

सकाळी वाडीवर गेलो होतो. आवणी कधीच आटोपली, मजुरी थांबली, घरात धान्य नाही. तिच्या बापाने भिवंडीकडच्या भट्टीवाल्याची उचल घेतली. दरवर्षी गणपतीच्या सुमाराला घेतात, दिवाळी झाली की सगळं घर विटा पाडायला जातं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततं. ती आता सातवीत आहे. गेल्या वर्षीही गेली होती, सहावीचं अर्धं वर्ष तिने शाळा पाहिली नाही.

हंगामी वसतिगृहाची योजना सरकारची आहे. त्यासाठी शाळेतर्फे प्रस्ताव लिहिला, मुख्याध्यापकांची सही घेतली, पंचायत समितीत उद्या सुट्टी म्हणून परवा देणार. पण तो मंजूर होईपर्यंत मुलगी जाईल. म्हणून आजीशी बोललो. तिला मागे ठेव, तू भट्टीवर जात नाहीस, दोघी राहा. आजी म्हणाली, "ठेवीन गुरुजी. तांदूळ पुरला तर ठेवीन."

नोव्हेंबर ते मे, महिन्याला पंधरा किलो तांदूळ मी देणार आहे. किराणा दुकानात आज तसं सांगून ठेवलं.